डाव्या बाजूचा आवाज

१२ जानेवारी, रविवार

रांजणगावच्या कंपनीनं यंदाही डायरी पाठवली. पाकिटावर नाव ह्यांचंच. चार ऑक्टोबरला माणूस गेला, हे डायऱ्या वाटणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. परत पाठवणार होते. आज पहिलं पान, जिथं रक्तगट आणि विम्याचा नंबर लिहायचा असतो, ते फाडलं आणि लिहायला बसले. कारण आज दिरानं गाडीतला टेप जाळला.

जयसिंगभाऊजी सकाळी भांडगावचं एक गिऱ्हाईक घेऊन आले. मला आधी एक शब्द नाही. ह्यांची पांढरी गाडी ऑक्टोबरपासून लिंबाखाली उभी होती, बॅटरी मेलेली. भाऊजींनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि वायरी लावल्या. उलट्या लावल्या. ठिणगी उडाली, डॅशबोर्डातून धूर आला, जळक्या रबराचा वास अंगणभर झाला. वायरी सरळ केल्यावर गाडी सुरू झाली. टेप मात्र गेला.

"टेपचं काय घिऊन बसलाय वहिनी? गिऱ्हाईक इंजन बघतं."

गिऱ्हाइकानं टायरला लाथ मारून बघितली. माझ्या सासूबाई, नाव ताईबाई पण मी आत्याबाई म्हणते, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी चहा केला. बशीत बिस्किटंसुद्धा दिली. त्याची आता लाज वाटते.

१४ जानेवारी, मंगळवार

गल्लीतल्या बायका वाण घेऊन दारावरून नटून गेल्या. आमच्या बौद्धांच्या घरात वाण नसतं आणि त्यांच्यात विधवेला बोलवत नाहीत. दोन्हीकडून मला दुपार मोकळी.

गाडीचे कागद काढून वाचले. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन मी किराण्याच्या पुड्यांवर शिकले आणि मग हे कंपनीच्या वाचनालयातून आणायचे त्या पुस्तकांवर. सरकारी मराठी सगळ्यांत आडमुठी, पण तीनदा वाचली की नरमते. नंतर शिरूरच्या एजंटाला फोन करून खात्री केली. मालक गेल्यावर गाडीचे वारस तिघी: बायको, मुलगी, आई. गाडी विकायची तर तिघींच्या सह्या, माझ्या नावावर करायची तरी तिघींच्याच. भावाचं नाव त्यात कुठंच नाही.

म्हणजे ज्यांनी गिऱ्हाईक आणलं त्यांचा कागदावर काहीच हक्क नाही. पण गौतमी पुण्यातून फोनवर म्हणते, "आई, विकून टाक. तुला कुठं चालवता येते?" आणि आत्याबाई भाऊजी म्हणतील तिथं सही करतात.

मी ठरवलं. आधी नवा टेप बसवायचा. ज्या गाडीला नवा टेप बसवलाय ती विकायची नाही, एवढं भाऊजींनाही कळेल. मग चालवायला शिकायचं. लोक उलट्या क्रमानं करतात, मला माहीत आहे.

१९ जानेवारी, रविवार

हर्षदानं गाडी चालवली. ती शेजारची सून, शाळेची व्हॅन चालवते, बत्तीस पोरांना दम देऊन देऊन आवाज घोगरा झालाय. शिरूर जवळ होतं, पण शिरूरला गेलं तर आपण पोचायच्या आत बातमी आमच्या गावात, निमोण्यात येते. म्हणून दौंड. दौंडच्या स्टेशनजवळ शंभू मिस्त्रीचं दुकान आहे. हे कुरकुंभला कामाला होते तेव्हाची ओळख. आधीचा टेपही त्यानंच बसवला होता, दोन हजार बाराला.

शंभू मिस्त्री पन्नाशीचा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. ह्यांचं कळल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "वहिनी, जुना टेप दुरुस्त व्हनार न्हाई, भाजलाय. नवा हा घ्या. पेनड्राईव्ह चालतो, ब्लूटूथ हाय, रिमोट हाय."

"रिमोट कशाला?" हर्षदा म्हणाली. "दोन फुटांवर तर हाय त्यो."

"कंपनी देती, आपुन घ्यायचं."

तासाभरात बसवला. म्हणाला, उजव्या बाजूच्या दोन्ही दारांच्या वायरी सुटलेल्या होत्या, त्याही जोडून दिल्या. म्हणजे इतकी वर्षं आमचा टेप अर्धाच वाजत होता आणि आम्हाला पत्ता नाही. हे कंपनीत मोठमोठ्या मशिनी दुरुस्त करायचे. दिव्याखाली अंधार.

२२ जानेवारी, बुधवार

हा टेप म्हणजे नवी सून नव्हे, नवी सासू आहे.

चावी फिरवली की आधी एक बाई इंग्रजीत ओरडते. काय म्हणते ते हर्षदानं समजावलं, ब्लूटूथ जोडा म्हणते. जोडलं तरी ओरडते, नाही जोडलं तरी ओरडते. आवाज कितीही बारीक करून ठेवा, दुसऱ्या दिवशी तो आपल्या मनानं पंधरावर. घड्याळ रोज बारा दाखवतं. पेनड्राईव्हवर ह्यांनी भरून आणलेली तीनशे बारा गाणी आहेत, पण चावी बंद केली की हा सगळं विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिलं गाणं नेमकं बेंजोवरचं वरातीचं. रोज सकाळी लिंबाखाली वरात निघते. निळे, हिरवे, लाल दिवे लुकलुकतात, ते कुठल्याच बटणानं बंद होत नाहीत.

भाऊजी सकाळी येऊन बघून गेले. "वहिनी, गाडी हाय का तमाशाची राहुटी?"

मी म्हटलं, "तिकीट काढा आणि बसा."

ते हसले नाहीत. पण खरं भांडण संध्याकाळी झालं, आत्याबाईंशी. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वरीस झालं न्हाई आजून. गाणी लावायची व्हय?"

"आत्याबाई, बावीस प्रतिज्ञा तुम्हाला तोंडपाठ. वर्ष पाळा असं कुठल्या प्रतिज्ञेत आहे?"

"न्हाई."

"मग? जुना धर्म सोडला, तेव्हा हेपण सोडलं ना?"

"धरम सोडला," त्या म्हणाल्या. "पोरगं न्हाई सोडलं."

आणि आत गेल्या. पण टेप मी बंद केला नाही. गाणं संपेपर्यंत गाडीतच बसून राहिले.

२८ जानेवारी, मंगळवार

शिकाऊ परवाना निघाला. कॉम्प्युटरवर प्रश्न विचारतात. पंधरातले चौदा बरोबर. चुकला तो प्रश्न त्यांचाच नीट लिहिलेला नव्हता.

२ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस हर्षदाकडनं गावाबाहेर गिरवून घेतलं आणि आज लाल रंगात एल चिकटवून मी चालवत निघाले. शेजारी हर्षदा. निमित्त टेपच्या तक्रारीचं.

न्हावऱ्यापर्यंत ठीक. पुढं उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. भीमेच्या पुलावर अगदी मधोमध गाडी बंद पडली. मागं दोन ट्रॉल्या, त्यामागं एसटी. चावी फिरवली की टेपातली बाई ओरडायची, गाडी सुरू व्हायची नाही. पुन्हा चावी, पुन्हा बाई. एसटीचा कंडक्टर उतरून आला.

"काय मावशी, बाई काय म्हणतीया आत?"

"ढकला म्हणते," हर्षदा म्हणाली.

त्यानं आणि एका ऊसतोड्यानं ढकललं. दौंडला पोचले तेव्हा ब्लाऊज पाठीला चिकटला होता. शंभू मिस्त्रीनं पाच मिनिटांत दोष काढला. पिवळी वायर आणि तांबडी वायर एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. पिवळीतून टेपला कायम करंट मिळतो, त्यावर तो लक्षात ठेवतो. ती चावीवर लागली म्हणून चावीबरोबर त्याची आठवण जायची.

"माझी चूक," तो म्हणाला. सरळ म्हणाला, मला आवडलं. एरवी माणसं वायरीला दोष देतात.

आता घड्याळ चालतं. गाणं जिथं तुटतं तिथूनच लागतं. ओरडणाऱ्या बाईला इलाज नाही म्हणाला, ती जन्मजात आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

बाकी सगळं ठीक झालं, आवाज ठीक नाही.

कसं सांगावं? पूर्वी गाणारी बाई माझ्या डाव्या गुडघ्याशी, दाराच्या आत बसून गायची. ढोलकीची थाप पडली की दारात फर्र व्हायचं, ते मला पायाला कळायचं. मांडीवर पुस्तक, डावीकडं गाणं, उजवीकडं हे स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरणार. आता गाणं समोर कुठंतरी पसरलेलं, आणि एक दुसरीच चोख बाई माझ्या उजव्या गुडघ्याशी. ती शब्द स्वच्छ म्हणते. मला ती नकोशी वाटते.

शिवाय अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टी. जोरात दाबला की मोठी शिट्टी.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा दौंड. येता-जाता गाडी एकदाही बंद पडली नाही. हर्षदा अर्धा रस्ता झोपली, हे बरोबर नाही, शिकाऊ माणसाशेजारी जागं राहायला पाहिजे.

शिट्टी गेली. अर्थिंग ढिलं होतं. पण आवाजाचं मी सांगितलं ते शंभू मिस्त्रीला पटेना. त्यानं टेप वाजवला, चारी दारांना कान लावला.

"वहिनी, ह्याच्याहून बरा आवाज ह्या टेपात येतच न्हाई."

"पोकळ वाटतो."

"कुठनं पोकळ?"

"डावीकडनं. बाई लांब गेलीय."

त्यानं हर्षदाकडं बघितलं. हर्षदा म्हणाली, "मला तर झ्याक वाटतो. पर काकूंच्या कानात दुसराच टेप हाय."

मला राग आला. मी म्हटलं, "पैसे दिलेत ते चार स्पीकरांचे दिलेत. हर्षदाच्या कानाचे नाही."

शंभू मिस्त्री म्हणाला, पुढच्या वेळी वेळ काढून या, दारं खोलून बघतो. आज लायनीत तीन गाड्या आहेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गौतमीचा फोन. भाऊजींनी तिला कळवलं की मी दर रविवारी हायवेनं दौंडला जाते.

"आई, त्या रस्त्यावर ट्रक बघितलेस का?"

"ट्रकवाले मला बघतात. हळू होतात."

"काका म्हणतात, टेपपायी तुझं डोकं फिरलंय."

"तुझं काय म्हणणं?"

"मला भीती वाटते एवढंच. बाबा गेले, आता तू..."

मी तिला म्हटलं, तू ये आणि बस शेजारी. मग सही करायची का नाही ते ठरव. असं मी पूर्वी कधी तिच्याशी बोलले नव्हते. पूर्वी तिच्याशी बोलायचं काम ह्यांचं.

२ मार्च, रविवार

लिहू का नको असं झालंय. लिहिते.

शंभू मिस्त्रीनं चारी दारांचे पत्रे काढले. डावीकडचे दोन्ही स्पीकर वाजून वाजून गेलेले, कागद फाटलेला, कडा सुटलेल्या. उजवीकडचे दोन्ही कोरे. जणू काल डब्यातून काढले.

मी म्हटलं, "बघा. तेव्हाच वायरी सुटल्या असतील. बसवतानाच चुकलं तुमचं."

उजव्या दारातून त्यानं वायरीचं जुनं तोडलेलं टोक ओढून काढलं; जानेवारीत घाईत त्याच्या बाजूनंच नवा जोड दिला होता. त्यावर काळी चिकटपट्टी नीट गुंडाळलेली, टोकाला दुमड घातलेली. त्यानं ती दुमड नखानं उचलली.

"ही माझीच पट्टी," तो म्हणाला. "अशी दुमड मीच घालतो, परत काढायला सोपं जातं म्हणून." मग चष्मा काढून स्टुलावर बसला. "वहिनी, सुटल्या न्हवत्या ह्या. मी तोडल्या व्हत्या. सायबांनी सांगितलं म्हणून. टेप बसवून म्हैना झाला आसंल, येकलेच आले व्हते. म्हणाले, उजवी बाजू बंद कर."

"का?"

"म्हणाले, दिवसभर प्रेसमशिनचा आवाज आसतो डोक्यात. सुट्टीच्या दिवशी शांतता पायजे. पर मंडळींना गाणी लागत्यात. सगळा आवाज त्यांच्या अंगाला दे. आन् त्यांना सांगू नको. कळलं तर त्या टेप लावायच्याच न्हाईत."

हर्षदा बाहेर चहा सांगायला गेली ती लवकर आलीच नाही.

म्हणजे आवाज पोकळ नव्हता. मी जागा बदलली होती. डावीकडं बसून बारा वर्षं ऐकलं ते मी उजवीकडं बसून शोधत होते, आणि बिचाऱ्या मिस्त्रीला दोन वेळा दोष दिला.

शंभू मिस्त्रीनं विचारलं, उजवी परत बंद करू का? डावीकडं नवे स्पीकर टाकू का?

मी म्हटलं, "डावे राहू द्या, वाजतात अजून. आणि उजवी चालू ठेवा. आता उजवीकडं मी बसते. मला शांतता नकोय. शांतता घरात भरपूर आहे."

३ मार्च, सोमवार

खोटारडा माणूस.

मी दर वेळी विचारायची, "छान आहे ना गाणं?" हे म्हणायचे, "झकास." आणि बोटांनी ताल धरायचे. जे आवडत नाही त्यावर ताल धरणारा माणूस कसा असेल? मला सांगायचं होतं. मी बंद केला असता. मला काही गाण्यांवाचून झटके येत नव्हते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि ह्या माणसाला गाणी आवडत नाहीत हे मला दौंडच्या मिस्त्रीकडून कळावं?

तीनशे बारा गाणी आहेत पेनड्राईव्हवर. सगळी माझ्या पसंतीची. एकसुद्धा त्यांच्या पसंतीचं नाही. आज मोजली.

स्वयंपाक केला नाही. आत्याबाईंनी दुपारी भाकरी थापली आणि माझ्यापुढं ताट ठेवलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. मी जेवले.

९ मार्च, रविवार

आज दौंडला गेले नाही. तक्रारच उरली नाही. मग गाडी काढून इनामगावपर्यंत गेले, घोड नदीचं पाणी बघितलं आणि परत आले. हर्षदा म्हणाली, "आज कशापायी आलो आपुन?" मी म्हटलं, कशापायीच नाही.

घरी आले तर भाऊजी ओट्यावर. भांडगावच्या गिऱ्हाइकानं विसार दिलाय, त्यांनी घेतलाय. अठ्ठावीस तारखेला शिरूरला कागद करायचा.

"कुणाच्या सहीनं?" मी विचारलं.

"आईच्या. गौतमीला मी सांगतो. आन् तुम्ही काय येड्या हाय का, तुम्ही पन करचालच."

"मी करणार नाही."

"वहिनी, गाडी म्हंजी पुरुषमानसाचं काम. पंचर झाली तर काय करचाल?"

"तुम्ही काय करता? टायर बदलायला पंक्चरवाल्या शंकऱ्याला बोलावता. मीपण बोलावीन."

भाऊजी आत्याबाईंकडं वळले. "आई, सांग की हिला."

आत्याबाई म्हणाल्या, "जयसिंग म्हणतोय तर सही करीन. मला काय कळतंय त्यातलं."

आत्याबाईंचं मला आश्चर्य वाटतं. शेंगेत दाणा आहे का पोकळ ते बाहेरून कळतं त्यांना.

एजंट म्हणतो, माझ्या नावाचा कागदपण तयार ठेवतो. त्याला काय, जो कागद होईल त्याची फी.

१५ मार्च, शनिवार

गौतमी आली. आज तिला शेजारी बसवून शिरूरला नेलं, हर्षदा मागं. बाजाराचा दिवस, आडव्या येणाऱ्या माणसांना तोड नाही. गौतमीनं आधी दाराचा दांडा घट्ट धरला होता. पुढं हायवेनं कारेगावचा फाटा मागं टाकून परत फिरलो तोवर तिनं तो सोडून मोबाईल काढला होता. टेपातली बाई ओरडली की ती दचकायची, मग हसायला लागली.

ह्यांनी वायरी तोडायला लावल्याचं मी तिला सांगितलं. रागानंच सांगितलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "आई, माझी सही तुझ्या कागदावर."

मला कळलं नाही, ह्यात सहीचा काय संबंध. पण हो म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

आरटीओच्या कॅम्पात गाडी चालवायची परीक्षा पास झाले. साहेब म्हणाले, रिव्हर्स घ्या. मी टेप बंद करून घेतला. साहेब म्हणाले, "टेप चालू असला तरी चालेल." मी म्हटलं, "मागं जाताना नको."

२८ मार्च, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या लोक वेगळं सांगतील.

सकाळी भाऊजी मोटरसायकल घेऊन आत्याबाईंना न्यायला आले. आत्याबाईंनी पाय वर करून बघितला, टेकवला आणि म्हणाल्या, "माझ्यानं न्हाई बसवत ह्या फटफटीवर. कंबर धरली."

"मग कसं?"

"गाडी हाय की दारात."

भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं. गाडी विकायच्या सहीला गाडीतूनच जायचं, आणि चालवणार मी. परवाना माझ्याकडं आहे, त्यांच्याकडं मोटरसायकलचाच आहे. ते पुढं गेले. आत्याबाई मागच्या सीटवर बसल्या, डावीकडं, नेहमीच्या जागी.

मी आधीच सांगितलं, "आत्याबाई, मी टेप लावणार आहे. तुम्हाला ऐकायला नको म्हणून सगळा आवाज पुढं माझ्या बाजूला वळवते. तसं बटण आहे. पण बंद करणार नाही."

गाव सुटलं. दोन गाणी झाली. तिसऱ्याला मागून आवाज आला.

"काय म्हणतीया ती बाई?"

"गाणं म्हणतेय."

"त्ये कळतंय. सबुद ऐकू येईना."

"वर्षाच्या आत चालत नाही म्हणालात ना?"

"लावू नको म्हणाले व्हते. तू लावलंस. आता लावलंच हाय तर नीट तरी ऐकू दे. निम्मं-शिम्मं काय ऐकायचं?"

मी गाडी कडेला घेतली. त्या उतरल्या, पुढचं दार उघडून डावीकडं बसल्या. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना पुढं बसलेलं बघितलं नव्हतं. पट्टा लावून दिला. आवाज मधोमध आणला. त्यांनी विचारलं, "माझा म्हयंदर ऐकायचा का ही गानी?"

मी म्हटलं, "नाही. त्याला आवडत नव्हती." सासूसमोर मी त्यांचा एकेरी उल्लेख केला, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

"मला म्हाईत हाय," आत्याबाई म्हणाल्या. "ल्हानपनी बेंजो आला की घरात पळायचा. कानात बोटं घालून."

शिरूरला नोटरीच्या टेबलावर दोन कागद. भाऊजी, गिऱ्हाईक, एजंट. भाऊजींनी पेन पुढं केलं. आत्याबाईंनी ते घेतलं नाही.

"सुरेखा, वाच. दोन्ही वाच."

"आई, मी सांगितलंय की तुला काय हाय त्ये."

"तू सांगितलंस. हिला वाचता येतं."

मी आधी विक्रीचा कागद वाचला, एक शब्द गाळला नाही. मग माझ्या नावाचा. गौतमीची सही त्यावर आधीच होती. आत्याबाई ऐकत होत्या. मग भाऊजींना म्हणाल्या, "जयसिंग, गाडी इकल्यावर मला दवाखान्यात कोन नेनार?"

"मी नेतो की."

"कशावर?"

भाऊजींनी खिशातली मोटरसायकलची चावी चाचपली.

"आन् दौंडला माझ्या भनीकडं? वरीस झालं, तिचं त्वांड बघितलं न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दर म्हैन्याला नेशील का?"

"नेईन."

"फुडं बसनार मी. मागं बसून बसून नुस्ती लोकांची टकुरी बघितली."

"बसा."

त्यांनी माझ्या कागदावर सही केली. 'ता' काढायला एक मिनिट, 'ई' काढायला एक मिनिट. कुणी घाई केली नाही. माझी सही मी त्याखाली केली.

गिऱ्हाईक विसार परत मागायला लागलं. भाऊजी माझ्याकडं बघून म्हणाले, "येका टेपपायी गाडी अडवली तुम्ही."

मी म्हटलं, "टेप तुम्ही जाळलात भाऊजी. नसता जाळला तर मी बिस्किटं देऊन गाडी दिली असती."

निमोण्याचा फाटा आला तेव्हा गाणं अर्ध्यात होतं. मी वळले नाही. आत्याबाईंनी मागं वळून फाट्याकडं बघितलं.

"आगं, कुठं चाललीस?"

"गाणं संपलं की वळते."

"आन् दुसरं लागलं तर?"

मी गिअर बदलला. आत्याबाईंनी काच वर केली आणि पाय लांब करून बसल्या.